जबलपुरातील घरबांधणीची परवानगी : जमीन, नकाशा आणि पाया

स्वतःच्या भूखंडावर घर बांधू इच्छिणाऱ्या माणसाच्या हाती शेवटी परवानगीचा एकच कागद पडत असला, तरी त्या कागदात चार निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे गृहीत धरलेली असतात : जमीन कोणाची आहे, ती कोणत्या उपयोगासाठी राखलेली आहे, तिच्यावर किती बांधता येईल, आणि जे बांधले जाईल ते टिकेल काय. जबलपुरात या परवानगीला ‘भवन अनुज्ञा’ असे म्हणतात; बोलण्यात मात्र सगळे ‘नक्शा पास करणे’ असेच म्हणतात, आणि त्या बोलण्यातूनच लोकांचे सारे लक्ष कोठे असते हे कळते. गेल्या दीड दशकात या शहरात नकाशाच्या तपासणीचे काम संगणकावर गेले, लहान भूखंडांसाठी ते बरेच सोपे झाले, आणि ही सुधारणा खरी आहे. परंतु ज्या दोन प्रश्नांवर घरमालकाची आयुष्यभराची कमाई अवलंबून असते, म्हणजे जमिनीची निर्वेधता आणि इमारतीची मजबुती, त्यांची तपासणी आजही सर्वांत कमकुवत राहिली आहे, असे या सर्व व्यवस्थेकडे पाहता म्हणावे लागते.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये, याला ऐतिहासिक कारण आहे. गढा-मंडल्याचा हा प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीस आधी सागरच्या मराठ्यांकडे आणि नंतर नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये सागर-नर्मदा प्रदेश आणि नागपूर प्रांत एकत्र करून मध्य प्रांताची निर्मिती झाली, तेव्हापासून १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच कारभाराखालची शहरे होती. जमिनीच्या नोंदी, सरकारी जागांचे भाडेपट्टे आणि नगरपालिकेचे नियम दोन्हीकडे एकाच मुशीतले होते. जबलपुरात नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस याने भारतातील अनेक शहरांचे जे अहवाल लिहिले, त्यांत १९१७ मधील जबलपूर नगरपालिकेसाठीचाही एक होता. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याऐवजी निवडक दुरुस्ती करावी आणि शहरांतील तळी बुजवू नयेत, ही त्याची भारतीय शहरांविषयीची ठाम भूमिका होती. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने नागपूर आणि जबलपूर या दोन शहरांसाठी १९४८ च्या नावाने दोन जुळे महापालिका कायदे केले. त्यांपैकी नागपूरचा कायदा एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चालू राहिला, तर जबलपूर राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशातच राहिले आणि कालांतराने त्या राज्याच्या १९५६ च्या नगरपालिक निगम अधिनियमाखाली आले.

आज जबलपुरातील परवानगीचा आधार तीन दस्तऐवजांत आहे. पहिला म्हणजे हाच १९५६ चा अधिनियम; त्याच्या कलम २९३ नुसार परवानगीशिवाय इमारत उभारता किंवा पुन्हा उभारता येत नाही, आणि कलम ३०७ नुसार नियमबाह्य काम काढून टाकण्याचा किंवा बदलण्याचा आदेश देता येतो. दुसरा म्हणजे १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, म्हणजे महाराष्ट्रातील १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचा मध्य प्रदेशातील समकक्ष कायदा. शहराची विकास योजना, जिला सर्वजण ‘मास्टर प्लॅन’ म्हणतात, ती याच कायद्याखाली तयार होते. तिसरा दस्तऐवज म्हणजे २०१२ चे भूमी विकास नियम. त्यांनी १९८४ च्या नियमांची जागा घेतली, आणि समोर किती जागा मोकळी सोडायची, जिना किती रुंद हवा, खोलीची उंची किती हवी अशा बारीकसारीक गोष्टी त्यांच्यातून ठरतात. १९७३ च्या कायद्याखाली अर्ज केल्यावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असे मानले जाते आणि मिळालेली परवानगी तीन वर्षे टिकते. वर्षावर्षाची मुदतवाढ धरून ती पाच वर्षांपलीकडे जात नाही.

हे सर्व नगर निगमाच्या हद्दीपुरते झाले. जबलपूर हे लष्करी शहरही आहे, आणि छावणीच्या हद्दीत नगर निगमाचा अधिकार चालत नाही. तेथे २००६ च्या छावणी अधिनियमाखाली छावणी परिषदेकडे अर्ज करावा लागतो, तेथील जमिनीची नोंदवही वेगळी असते आणि जुन्या बंगल्यांच्या जमिनीची मालकी बहुधा केंद्र सरकारकडे राहिलेली असते. १९०४ चा तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना आणि शस्त्रास्त्रांचे मोठे कोठार यांच्या भिंतीलगतच्या जागांना संरक्षण खात्याची स्वतंत्र बंधने लागू होतात. भेडाघाटला वेगळी नगर परिषद आहे, आणि तेथील चौसष्ट योगिनी मंदिराभोवती, ते केंद्रीय संरक्षित स्मारक असल्यामुळे, १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या संमतीने नियंत्रित आहे. तेव्हा आपला भूखंड नेमका कोणाच्या हद्दीत येतो, हे भूखंड घेण्यापूर्वीच कळणे आवश्यक ठरते.

जमिनीच्या कागदांचा भाग हा या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत किचकट असून त्यावरच अधिक विचार होणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात जे स्थान सातबारा उताऱ्याला आहे, ते मध्य प्रदेशात खसरा आणि बी-१ या दोन कागदांना आहे. खसऱ्यात त्या क्रमांकाच्या जमिनीची आणि तिच्या वापराची नोंद असते, तर बी-१ मध्ये एका खातेदाराच्या नावावरील जमिनी एकत्र दिसतात. तलाठ्याचे काम येथे पटवारी करतो, आणि खरेदीनंतर फेरफाराऐवजी ‘नामांतरण’ होते. खरेदीखत नोंदवले म्हणजे मालकी पूर्ण झाली, अशी समजूत दोन्ही राज्यांत सारखीच आढळते, आणि ती दोन्हीकडे सारखीच महागात पडते. जबलपूरच्या भोवती गेल्या काही दशकांत शेतजमिनींचे तुकडे पाडून जे भूखंड विकले गेले, त्यांच्या बाबतीत नेहमीची अडचण अशी असते की खरेदीदाराचे नाव खसऱ्यात चढलेले असते, मूळ क्रमांकाचा पोटभागही पडलेला असतो, परंतु पटवाऱ्याच्या नकाशात त्या पोटभागाची रेषा ओढलेली नसते. नकाशातील या दुरुस्तीला तेथे ‘तरमीम’ म्हणतात. महाराष्ट्रातील पोटहिश्श्याच्या मोजणीशी तिचे नाते आहे. रेषाच नसल्यामुळे दहा जणांच्या नावावर दहा भूखंड असूनही कोणाचा भूखंड रस्त्याला लागून आणि कोणाचा आत, हे सरकारी नकाशावरून सिद्ध करता येत नाही. नगर निगमाचा अभियंता जागेवर येऊन पाहतो तेव्हा खुंट्या आणि तारेचे कुंपण पाहतो. नकाशातल्या सीमेशी ते कुंपण जुळते की नाही हे सांगण्याचे साधन त्याच्याकडे नसते. शेजाऱ्याने हरकत घेतली की काम थांबते आणि प्रकरण तहसीलदाराच्या सीमांकनाकडे, तेथून अपिलात आणि कित्येकदा दिवाणी न्यायालयाकडे जाते.

शेतजमीन निवासी उपयोगात आणणे, म्हणजे महाराष्ट्रातील अकृषिक परवानगीसारखी गोष्ट, मध्य प्रदेशात ‘डायव्हर्शन’ या नावाने ओळखली जाते. १९५९ च्या भू-राजस्व संहितेतील कलम १७२ नुसार पूर्वी त्यासाठी परवानगी घ्यावी लागे. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम वगळले गेले आणि विकास योजनेशी सुसंगत उपयोग असेल तर मालकाने स्वतः आकारणी काढून रक्कम भरावी आणि उपविभागीय अधिकाऱ्याला कळवावे, अशी व्यवस्था झाली. कार्यालयाच्या खेपा कमी करणारा हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही : रक्कम भरल्याची पावती म्हणजे विकास योजनेनेही तो उपयोग मान्य केला, असा समज विक्रेते ग्राहकांमध्ये सहज पसरवू शकतात. पावती महसुलाची असते. जमिनीच्या उपयोगाचा अंतिम शब्द नगर तथा ग्राम निवेश कार्यालयाच्या नकाशाचा असतो.

शहराच्या जुन्या भागात आणखी एक प्रश्न येतो तो नजूल जमिनीचा. नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या वाचकाला हा शब्द घरचाच आहे : गावठाणातील वा शहरातील सरकारी मालकीची जमीन, जी बहुधा ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते आणि ज्या पट्ट्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. राइट टाऊन, नेपियर टाऊन अशा इंग्रजांच्या काळात आखलेल्या वस्त्यांतही अनेक जागा भाडेपट्ट्याच्या आहेत. आजोबांच्या नावाचा पट्टा, वडिलांच्या पिढीत न झालेले नूतनीकरण आणि आता तीन भावंडांत वाटणीचा विचार, अशा स्थितीत घर पाडून नवे बांधायचे ठरले की नकाशा तयार होण्याआधीच काम अडते, कारण नजूल अधिकाऱ्याच्या नाहरकतीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. २०२० मध्ये राज्य सरकारने नजूल जमिनींच्या ‘निवर्तना’चे, म्हणजे वाटपाचे, एकत्रित निर्देश काढले आणि भाडेपट्टा मालकी हक्कात बदलून घेण्याचे मार्गही स्पष्ट केले. तरीही पट्ट्याच्या अटींचा भंग झाला काय, दंड किती, वारसांची नावे चढली काय या बाबी प्रत्येक प्रकरणात नव्याने तपासाव्या लागतात. ज्या कुटुंबांची घरे अशा जमिनीवर आहेत त्यांनी घर बांधण्याचा विचार मनात येण्यापूर्वीच नूतनीकरण आणि वारसनोंद करून घ्यावी, यापेक्षा उपयुक्त सल्ला या विषयात दुसरा नाही.

जमीन कोणत्या उपयोगासाठी आहे, या प्रश्नाला जबलपुरात पाण्याचा विशेष संदर्भ आहे. बावन्न तळ्यांचे शहर अशी या गावाची जुनी ख्याती आहे. राणी दुर्गावतीच्या नावाशी जोडलेला राणीताल, तिच्या दासीशी जोडलेला चेरीताल आणि आधारसिंह या मंत्र्याच्या नावाचा आधारताल ही नावे आज बऱ्याच अंशी मोहल्ल्यांची नावे झाली आहेत. काही तळी आटली, काही बुजवली गेली आणि त्यांच्या पात्रांत वस्ती उभी राहिली. विकास योजनेत जलाशय म्हणून दाखवलेल्या जागेवर परवानगी मिळत नाही, हे कायद्याने ठीकच आहे. परंतु ज्या तळ्याची नोंदच महसुली कागदांतून पुसली गेली, तेथे परवानगी मिळूनही पावसाळ्यात पाणी घरात शिरते, आणि ही गोष्ट कोणत्याही नकाशातून कळत नाही. जुन्या बंदोबस्ताच्या नकाशात तो क्रमांक ‘तालाब’ म्हणून होता काय, हे पाहण्याची तसदी खरेदीदाराने घ्यावी. नर्मदेच्या काठाचा प्रश्न याहून वादग्रस्त आहे. जनहित याचिकेवरून जबलपूर येथील उच्च न्यायालयाने नदीपासून ३०० मीटरच्या पट्ट्यातील बांधकामावर बंधन घातले, आणि त्यामुळे ग्वारीघाट, तिलवाराघाट या भागांतील अनेक बांधकामे प्रश्नांकित झाली. हे ३०० मीटर नदीच्या काठापासून मोजायचे की महापुराच्या सर्वोच्च पातळीपासून, यावरच मोठा वाद झाला आहे. सपाट काठावर या दोहोंत शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. नदीजवळ भूखंड घेणाऱ्याने पुराच्या पातळीचे अंतर धरूनच हिशेब करावा, हे शहाणपणाचे आहे.

यानंतर येतो तो भाग, ज्याला खऱ्या अर्थाने नकाशा मंजूर करणे म्हणता येईल. येथे दोन संज्ञा समजून घेतल्या की बाकीचे सोपे होते. पहिली चटई क्षेत्र निर्देशांक, जिला मध्य प्रदेशात ‘एफएआर’ आणि महाराष्ट्रात ‘एफएसआय’ म्हणतात : सर्व मजल्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज भागिले भूखंडाचे क्षेत्रफळ. दुसरी म्हणजे सीमांत मोकळी जागा, जिला जबलपुरात सर्रास ‘एमओएस’ म्हणतात : भूखंडाच्या कडांपासून आत सोडावयाची जागा. उदाहरणादाखल ३० फूट रुंद आणि ५० फूट खोल असा भूखंड घेऊ, कारण वसाहतींत हे माप नेहमी आढळते. समजा त्याला निर्देशांक १.२५ लागू आहे आणि समोर १० फूट, मागे ५ फूट आणि एका बाजूला ५ फूट जागा सोडायची आहे. मग बांधता येण्याजोगे जोते २५ गुणिले ३५, म्हणजे ८७५ चौरस फुटांचे होते आणि दोन मजल्यांचे मिळून १,७५० चौरस फूट भरतात. निर्देशांकाने दिलेली कमाल मर्यादा १,८७५ आहे, म्हणजे घर नियमात बसते. आता मालकाने मागची ५ फूट जागा भरून काढली तर जोते १,००० चौरस फुटांचे आणि एकूण बांधकाम २,००० चौरस फुटांचे होते. मर्यादा १२५ चौरस फुटांनी ओलांडली जाते. शहरातील लहान घरांतील बहुतेक उल्लंघने याच जातीची असतात, आणि मागच्या त्या ५ फुटांतून केवळ हवा आणि उजेडच नव्हे, तर सांडपाण्याची नळी आणि आगीच्या वेळची वाट हीसुद्धा जाते, याचा विसर पडतो.

मध्य प्रदेशात हा हिशेब आता एबीपीएएस या संगणकीय प्रणालीवर होतो. घरमालक स्वतः नकाशा घेऊन कार्यालयात जात नाही. नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंता ठरावीक पद्धतीने काढलेले रेखाचित्र प्रणालीत चढवतो. त्या रेखाचित्रात भूखंडाची हद्द, रस्ता, जोते, जिना, खिडक्या यांच्या रेषा वेगवेगळ्या नावांच्या थरांवर असाव्या लागतात, कारण संगणक रेषेचा अर्थ तिच्या थराच्या नावावरून लावतो. भूखंडाची हद्द बंद आकृतीत न काढल्यास क्षेत्रफळच निघत नाही आणि अर्ज परत येतो. पहिल्या खेपेला परत येणाऱ्या नकाशांत अशा थरांच्या चुका नेहमी असतात, आणि घरमालकाला मात्र आपल्या घरात काही दोष निघाला असे वाटत राहते. लहान भूखंडांसाठी राज्याने आणखी सवलती दिल्या : १०५ चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना अर्ज आणि शुल्क भरताच परवानगी, आणि ३०० चौरस मीटरपर्यंत अधिकृत वास्तुविशारदाला मंजुरी देण्याचा अधिकार. महाराष्ट्रातही २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने जवळपास हीच वाट धरली. तेथे १५० चौरस मीटरपर्यंत शुल्काची पावती हीच परवानगी मानली जाते आणि १५० ते ३०० चौरस मीटरसाठी १० दिवसांची मुदत आहे. दोन्ही राज्यांनी लहान माणसावर विश्वास टाकला, हे योग्यच केले. २० गुणिले ५० फुटांच्या भूखंडावर राहते घर बांधणाऱ्याला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवण्यात कोणाचेच हित नव्हते.

सीमारेषा आखताना मात्र काळजी हवी होती, याचे एक उदाहरण पर्जन्यजल संधारणाच्या नियमात दिसते. भूमी विकास नियमांनुसार १४० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतीत छतावरचे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था सक्तीची आहे आणि त्यासाठी अनामत भरून घेतली जाते. वर उल्लेखिलेला ३० गुणिले ५० फुटांचा भूखंड १३९.३५ चौरस मीटरचा होतो, म्हणजे तो नियमाच्या बाहेर अर्ध्या पावलावर राहतो आणि त्याच्याबरोबर वसाहतीच्या वसाहती बाहेर राहतात. जबलपुरात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. १,००० चौरस फुटांच्या एका छतावर वर्षाकाठी सुमारे १,२०,००० लिटर पाणी पडते. तळ्यांच्या या शहरात ही मर्यादा थोडी खाली आणणे हे एका ओळीच्या दुरुस्तीचे काम आहे.

चौथा प्रश्न मजबुतीचा. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला; त्याचे केंद्र शहराजवळील कोसमघाट गावानजीक होते आणि सुमारे ४० माणसे दगावली. केंद्र जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटर खोल असल्याने हानी मर्यादित राहिली, असे तज्ज्ञांचे मत आहे. हा भाग नर्मदा-सोन भ्रंशरेषेवर येतो आणि भारतीय मानकांच्या नकाशात जबलपूर दीर्घकाळ तिसऱ्या भूकंप-क्षेत्रात दाखवले गेले आहे. मातीच्या गिलाव्यात रचलेल्या विटांच्या आणि दगडांच्या भिंती त्या पहाटे सर्वाधिक पडल्या. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्याने जे पाहिले होते, त्याचीच ही लहान आवृत्ती होती. मात्र जबलपुरात आणखी एक नवी गोष्ट पुढे आली : वाहनांसाठी तळमजला मोकळा ठेवून वर भिंतींचे मजले रचलेल्या काँक्रीटच्या इमारतींचे खांब तळाशी तडकले. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला केवळ खांबांवर उभा असल्याने सारे हेलकावे त्या खांबांवरच येतात. २००२ मध्ये भूकंपविषयक भारतीय मानकाची जी आवृत्ती निघाली, तिच्यात अशा मोकळ्या तळमजल्याच्या खांबांसाठी अधिक कडक तरतूद आली, आणि तिच्या मागे जबलपूर आणि त्यानंतरच्या भूजच्या अनुभवाचा हात होता. तरीही वाहनतळाचा मोकळा मजला चटई क्षेत्रात धरला जात नाही आणि त्यामुळे अशा रचनेला एका नियमातून उत्तेजन, तर दुसऱ्यातून इशारा मिळतो, ही विसंगती आजही कायम आहे.

दोन मजली स्वतंत्र घराच्या बाबतीत उपाय फार खर्चिक नाहीत. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखाली सलग काँक्रीटचे पट्टे घालणे, कोपऱ्यांत उभ्या सळ्या सोडणे, दारे-खिडक्या भिंतीच्या कोपऱ्याला खेटून न काढणे या गोष्टी मानकांत स्पष्ट दिलेल्या आहेत. शहराच्या बऱ्याच भागांत पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती आहे. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तिरप्या भेगा पडतात, म्हणून पाया खाली टणक थरापर्यंत नेणे किंवा तळाशी फुगीर असलेले लहान खांब जमिनीत उतरवणे हा मार्ग अभियंते सुचवतात. पण परवानगीच्या प्रणालीत यातील काहीच तपासले जात नाही. संगणक लांबी-रुंदी मोजतो. सळईचा व्यास, काँक्रीटचे प्रमाण आणि पायाची खोली त्याला दिसत नाही, आणि संरचना अभियंत्याच्या प्रमाणपत्राचे रूपांतर बहुधा एका सहीत होते. ज्या शहराने १९९७ अनुभवले, त्या शहरात नगर निगमाच्या अभियंत्याची एक सक्तीची भेट पायाचे काँक्रीट पडण्यापूर्वी आणि दुसरी छताच्या सळ्या बांधल्यावर व्हायला हवी. महाराष्ट्रात जोते तपासणीची जुनी रीत आहे, पण तीही जोत्याची जागा आणि मोकळ्या सीमा पाहण्यापुरतीच राहिली आहे. सळ्या मोजण्याची नाही.

जे परवानगीशिवाय किंवा परवानगीहून अधिक बांधले गेले, त्याचे काय करायचे हा प्रश्न राज्यकर्त्यांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. १९५६ च्या अधिनियमातील कलम ३०८-अ अन्वये शुल्क घेऊन काही उल्लंघने नियमित करता येतात. याला ‘प्रशमन’ म्हणतात. पूर्वी मंजूर चटई क्षेत्राच्या १० टक्क्यांपर्यंतचे जादा बांधकाम असे नियमित होई, २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३० टक्क्यांवर नेली गेली. रस्त्याची नियमित रेषा ओलांडणारे आणि वाहनतळाच्या जागेवरील बांधकाम यातून वगळलेले आहे. त्याच वर्षी वसाहत विकासाचे नवे नियम आले आणि ३१ डिसेंबर २०१६ पूर्वीच्या अनधिकृत वसाहती नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. मे २०२३ मध्ये ही तारीख ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत पुढे नेण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातील २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाचाही प्रवास असाच झाला, त्याचीही मुदत पुढे २०२० च्या अखेरीपर्यंत सरकली. गरीब कुटुंबाने फसवणुकीतून घेतलेला भूखंड कायम टांगणीला ठेवणे अन्यायाचे आहे, म्हणून अशा योजनांना विरोध करणे कठीण. परंतु मुदत दर काही वर्षांनी पुढे जाते हे एकदा वसाहत पाडणाऱ्याला कळले की नियमाने चालणाऱ्याचाच तोटा होतो. शिक्षा भूखंड पाडून विकणाऱ्याला व्हावी आणि सवलत राहणाऱ्याला मिळावी, असा भेद कायद्याच्या कलमांत आहे. अंमलबजावणीत तो क्वचितच दिसतो.

शेवटचा टप्पा कार्यपूर्णता प्रमाणपत्राचा. घर मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाले असे नगर निगमाने दिलेले हे प्रमाणपत्र म्हणजे महाराष्ट्रातील भोगवटा प्रमाणपत्राचे भावंड होय. जबलपुरात काय किंवा नाशिक-नागपुरात काय, स्वतंत्र घर बांधणारे बहुसंख्य लोक ते घेतच नाहीत. वास्तुशांत झाली की फाईल बंद होते. आजवर त्यावाचून कोणाचे अडत नसे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजेंद्रकुमार बडजात्या प्रकरणात दिलेल्या निर्देशांनी ही स्थिती बदलली आहे : वीज, पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी हे प्रमाणपत्र पाहिल्यावरच द्यावी, बँकांनी कर्ज देतानाही ते तपासावे, आणि बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा. त्याआधी १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने घर पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस देणे बंधनकारक केले होते; म्हणजे नागरिकाचे संरक्षण आणि त्याची जबाबदारी दोन्ही एकाच महिन्याच्या अंतराने स्पष्ट झाली. येत्या काळात घर विकताना, गहाण ठेवताना किंवा वारसांत वाटताना हाच कागद प्रथम मागितला जाणार आहे. ज्यांचे बांधकाम चालू आहे त्यांनी मंजूर नकाशाची एक प्रत बांधकामावर लावावी, बदल करायचा असेल तर भिंत उभी राहण्यापूर्वी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा, आणि रंग वाळण्याची वाट न पाहता कार्यपूर्णतेचा अर्ज आपल्या वास्तुविशारदाकडून दाखल करून घ्यावा.